लाल टिंबाचं घर

यवतमाळ
५ सप्टेंबर २०२४

पुंडलिक,

मी गुलाम. गुलाम नबी वाइंडिंगवाला. हे अक्षर माह्यंच आहे, तुह्या बिस्मिल्लाभाभीचं नाही. वाकडं आहे तर वाकडं वाच.

पत्र लिवाले मले मॅडमनं सांगतलं. सुरभी मॅडम दर गुरुवारी येते, मेंदूचा व्यायाम करून घेते. म्हणे, "नबीभाई, फोनवर समोरचा माणूस सांभाळून घेतो. कागदावर सगळं तुम्हालाच जुळवावं लागतं. आधी काय झालं, मग काय झालं, असं कुणाला तरी लिहा." मी म्हटलं, माह्या वर्गातला पुंडलिक आहे महागावले. म्हणे, त्यांनाही लिहूनच उत्तर द्यायला सांगा. तर तू फोन करू नको. लिव.

आता आधी काय झालं. एप्रिलमधे मी एक मोटर विहिरीत सोडून गाडीवर महागावले परत येऊन राह्यलो होतो. रानातून रोही, ती नीलगाय, आडवा आला. मले रोही आठवत नाही, लोकाईनं सांगतलं. नागपूरले डोक्याचं ऑपरेशन झालं. हे तुले माहीत आहे, तू तिथं होता. पण मॅडम म्हणते, सगळं लिवा.

मंग काय झालं. हात-पाय ठीक आहे. बोलणं ठीक आहे. पण काम करता करता अर्ध्यात मी हरवतो. चहा ठेवतो, साखर घ्याले वळतो, साखरेपाशी गेलो की इथं कायले आलो ते जाते. मंग चहा बी जाते.

बिस्मिल्ला गणवेशाच्या शिलाईले जाते, दहा ते पाच. म्हणून जुनेदनं पुण्याहून येऊन, इलाजासाठी यवतमाळात घेतलेल्या या दोन खोल्याईत सामान बसवलं. गॅस आपोआप बंद होते. दार उघडलं की समजते. गोळ्याईचा डबा वाजते. मी हललो का बसलो, भिंतीले कळते. अन् एक गोल डबी बोलते. तिच्यात जुनेदनं सोताचा आवाज भरला. पयल्या दिवशी ती म्हणे, "अब्बा, दवा ली क्या?" मी म्हटलं, "ली, बेटा," अन् दार उघडून पाह्यलं, तो आला का म्हणून.

काही चुकलं की जुनेदच्या मोबाईलवर लाल टिंब येते. तो म्हणते, "अब्बा, दो महिने एक भी लाल टिपका नहीं आया, तो दुकान की बात करेंगे."

मले महागावले याचं आहे. दुकानात बसाचं आहे. चाबी तुह्यापाशी आहे, हे मले आठवते.

तुह्या
गुलाम

⁂

महागाव
१३ सप्टेंबर २०२४

नब्या,

तुह्यं पत्र घेऊन उकंडा पोस्टमन आला तं दारातच उभा. म्हणे, "काका, हातानं पत्ता लिवलेलं पाकीट मी यंदा पयल्यांदा वाटून राह्यलो." त्याले चहा पाजला. तुह्या वहिनीनं, विमलनं, पत्र दोनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा मी सोताच वाचलं. अक्षर वाकडं कुठं आहे? सातवीत तर तू याच्याहून वाकडं लिवे, अन् गुरुजी माह्या कानाले धरत, की मित्राले शिकवत काहून नाही.

दुकानाचं विचारशील म्हणून सांगतो. दर पंधरा दिवसाले उघडतो, झाडतो, उदबत्ती लावतो. तुह्या स्टुलावर कोणाले बसू देत नाही. मी बी बसत नाही. लोक शटर वर दिसलं की गाडी थांबवतात. "नबीभाऊ आले का?" मी म्हणतो, येऊन राह्यले. अतुल वाइंडिंगवाल्याकडे आता गर्दी झाली. तो चांगलं काम करते, पण त्यालेच लोक म्हणतात, नबीचाचानं भरलेली मोटर दहा वर्ष उतरून पाहा लागत नोहोती. तो बिचारा हसते.

मधात जुनेदचा फोन आलता. सहज. तब्येत-पाणी विचारलं.

कपाशीले बोंडं धरली. सोयाबीन पिवळं पडून राह्यलं. ते असू दे. तू मले हे सांग, दिवसभर त्या डबीसंग काय बोलत राह्यतं? मलेबी एखादी आणून दे म्हणाव जुनेदले. विमल आता माह्या गोष्टीले हूं बी म्हणत नाही.

तुह्या
पुंडलिक

⁂

यवतमाळ
२८ सप्टेंबर २०२४

पुंडलिक,

या हप्त्यात चार टिंबं आली.

सोमवारी मी चहा ठेवला. शेजारच्या घरी मिक्सर सुरू झालं. आवाजावरून मले वाटलं, मोटरचं बेअरिंग गेलं. मी तो आवाज आयकत पलंगावर येऊन बसलो. चहा आटला, ज्यात ठेवला तो गंज काळा झाला, गॅस आपोआप बंद पडला. डबी म्हणे, "अब्बा, गैस बंद कर दिया." दोन मिनटात जुनेदचा फोन. तो ऑफिसात होता. रागावला नाही, तेच वाईट. हळू आवाजात म्हणे, "कोई बात नहीं, अब्बा." पाठीमागं लोकाईचं बोलणं आयकू येऊन राह्यलं होतं. त्यानं माह्यासाठी मीटिंगमधून उठून फोन केला असन.

मंगळवारी गोळी दोनदा घेतली. बुधवारी दार उघडं टाकून खाली गेलो, काय आणाले ते माहीत नाही. शुक्रवारी भात केला, त्यात पाणीच टाकलं नाही.

दरवेळी फोन. दरवेळी "कोई बात नहीं".

पुंडलिक, तीस वर्ष मी विहिरीतल्या सबमर्सिबल मोटरी भरल्या. एकेका खाचेतून तार ओढाची, वेढे मोजाचे, गिऱ्हाईकासंग बोलत बी राह्याचं, अन् मोजणं कधी हललं नाही. आता मले भातात पाणी टाकलं का, हे भिंत सांगते.

मॅडमले मी पुसलं, किती दिवस लागन? म्हणे, "मेंदूला नवीन वाट पाडायला वेळ लागतो, पण पडते." चांगली आहे ती. पण टिंबाचे कागद तिच्या फाइलीत लागतात, अन् मले लाज वाटते.

गुलाम

⁂

महागाव
३ ऑक्टोबर २०२४

नब्या,

गंज काळा झाला तं नवा आण. तोंड काळं झाल्यासारखं काहून लिवतं?

पण एक सांगतो. आता मनावर घे. जुनेदनं दोन महिन्याची गोष्ट केली आहे नं, मंग काही बी कर पण टिंब येऊ देऊ नको. जपून राह्य. नसन जमत तं त्या कामाले हातच लावू नको. एकदा दोन महिने कोरे जाऊ दे, पोराच्या हातात कागद ठेव, अन् ये इकडं. बाकी मंग पाहू.

सोयाबीन काढणं सुरू आहे. घाईत लिवलं.

पुंडलिक

⁂

यवतमाळ
२० ऑक्टोबर २०२४

पुंडलिक,

पंधरा दिवसात एक बी टिंब नाही. जुनेद खूश आहे. मॅडम खूश आहे. बिस्मिल्ला म्हणते, घर जसं सोडून जातो तसंच सापडते. माह्यी तब्येत ठीक आहे. गोळ्या वेळेवर घेतो.

तू बी ठीक असशील.

गुलाम

⁂

महागाव
२८ ऑक्टोबर २०२४

वा रे पठ्ठे!

विमलनं तुह्यं पत्र वाचलं अन् शेवया केल्या. पंधरा दिवस कोरे! मी चौकात चार लोकाईले सांगतलं. आता सांग, जमवलं कसं? चहा कराले लागला का? मॅडमनं कोणती युक्ती शिकवली? भाताचं काय झालं? मागच्या पत्रात काहीच नाही लिवलं तू. सगळं लिव. दिवाळीचा फराळ कोणाच्या हातून पाठवू?

पुंडलिक

⁂

यवतमाळ
६ नोव्हेंबर २०२४

पुंडलिक,

एक महिना झाला, एक बी टिंब नाही. दिवाळीच्या सुट्टीत जुनेद आलता. खूश आहे. बिस्मिल्ला म्हणते, घर जसं सोडून जातो तसंच सापडते. गोळ्या वेळेवर घेतो. माह्यी तब्येत ठीक आहे.

तू बी ठीक असशील.

गुलाम

⁂

महागाव
१६ नोव्हेंबर २०२४

नब्या,

मंगळवारी जे झालं त्यावर तू बोलू देल्लं नाही, म्हणून आता लिवतो. हे पत्र फेकू नको.

तुह्यी शेवटची दोन पत्रं मी आजूबाजूले ठेवून पाह्यली. एकच पत्र दोनदा लिवल्यासारखी. मी इतकं विचारलं, तं एकाचं बी उत्तर नाही. तू मोटरची जळालेली तार दाखवाले रस्त्यातून लोकाईले बोलावणारा माणूस, अन् तुह्यापाशी महिनाभर सांगाले काहीच नाही? म्हणून न सांगता एसटीत बसलो.

मी दार वाजवलं. तू उठला नाही. आतून म्हणे, "लोटलेलंच आहे, ढकल." खोलीच्या मधोमध खुर्ची, अन् तिच्यावर तू. पायाशी पाण्याची बाटली, बाजूले झाकलेलं ताट. साडेअकरा वाजले होते. मी म्हटलं, चहा पाज. तू म्हणे, "खाली टपरी आहे, तिथून आण." नब्या, चाळीस वर्षात तुह्या घरी मी टपरीचा चहा पेलो नाही. मी गॅसपाशी गेलो तं तू धावत येऊन माह्यं मनगट धरलं. "नको. टिंब येईन." किती जोरानं धरलं, तुले माहीत नाही.

तेव्हा मले समजलं. भाभी दहाले गेली की तू त्या खुर्चीवर बसतं. पाच वाजता ती याच्या आधी उठतं. मधात काहीच करत नाही. चहा नाही, भात नाही, दारापर्यंत जाणं नाही. काही केलंच नाही तं चुकन कुठून? भिंतीले बसणं चूक वाटत नाही, ती सांगते, सगळं ठीक. जुनेद खूश, मॅडम खूश, अन् मी मूर्ख इथं शेवया खाऊन राह्यलो.

मी तुह्ये हात पाह्यले. तांब्यानं कापलेले काळे हात होते ते. आता धुतलेल्या कपड्यासारखे मऊ झाले.

यात माह्यी चूक आहे. "हातच लावू नको" हे मीच लिवलं होतं. तू माह्यं आयकलं.

अन् दुसरी चूक याहून मोठी आहे. ती बी तिथंच सांगाची होती, पण तुले त्या खुर्चीवर पाहून राहून गेली. सप्टेंबरातला जुनेदचा फोन सहज नोहोता. तो म्हणे, "काका, अब्बाला सांगू नका, पण दुकान घेणारं कुणी असलं तर पाहा." माह्या मते त्याले वाटत होतं, दोन महिने कोरे जाणारच नाहीत. मी अतुलले दुकान दाखवलं. दोनदा. तो तुह्या हत्याराईच्या फळीपाशी गेला, एकेक हत्यार हातात घेऊन परत जागच्या जागी ठेवलं. मी बाजूले उभा राहून ते पाहत होतो. तुले लिवत होतो, की तुह्या स्टुलावर कोणाले बसू देत नाही.

आता तू शिव्या दे, बोलू नको, काही बी कर. पण त्या खुर्चीवरून उठ. मॅडमले खरं सांग. टिंबं येऊ दे. घर लाल होऊ दे.

पुंडलिक

⁂

यवतमाळ
२ डिसेंबर २०२४

पुंडलिक,

तुह्यं पत्र मी फाडलं. बिस्मिल्लानं तुकडे पलंगाखालून वेचले, पिठाच्या खळीनं जोडले, अन् वाचून माह्यासमोर ठेवले. दुसऱ्या दिवशी कामावर गेली नाही. माह्यासमोर दुसरी खुर्ची ठेवली अन् बसली. म्हणे, "चलो, दोनों बैठते. देखें कितना अच्छा लगता." एक घंटा बसली. मंग तिले रडू आलं, अन् मले बी.

तुह्यावर राग आहे. दुकानाचा. तो लवकर जाणार नाही, हे तुले सांगून ठेवतो. पण तू एसटीत बसून आला, हे बी मले माहीत आहे.

गुरुवारी मॅडम आली. मी म्हटलं, जुनेदले फोन लावा, दोघाईले संगच सांगतो. तिनं फोन टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "बेटा, टिपका इसलिए नहीं आया कि मैं उठाच नहीं."

तो समजला नाही. मी पुरं सांगतलं. आधी काय, मंग काय, मॅडमनं शिकवलं तसं. खुर्ची, बाटली, ताट. मंग तो म्हणे, "अब्बा, मैं रोज सुबह वो कोरा चार्ट देख के ऑफिस जाता था. मेरे को लगता था आप ठीक हो रहे."

मी दुकानाचं पुसलं. त्यानं कबूल केलं. म्हणे, "मेरे को डर लगता है, अब्बा. आप उधर अकेले, और सामने चार सौ चालीस वोल्ट." पुंडलिक, त्याचा डर खोटा नाही. मी त्याच्या जागी असतो तं मी बी भिंतीले डोळे लावले असते.

मॅडमनं फाइल उघडून कोरे कागद काढले. मंग म्हणे, "नबीभाई, या कोऱ्या कागदांवर मी 'उत्तम प्रगती' असं लिहिलंय. मी विचारायला हवं होतं, की चुका नाहीत, तर दिवसभर होतंय काय? चूक माझीही आहे." डॉक्टरीणबाई अशी बोलते का? मले तिच्याविषयी तेव्हा खरा भरोसा आला.

मंग तिनं अन् जुनेदनं फोनवरच सारं बदललं. गॅस बंद होते ते तसंच राह्यलं, त्यात तडजोड नाही. पण बाकी टिंबं जुनेदले जात नाहीत. ती मॅडम अन् मी गुरुवारी मिळून पाहतो, कुठं हरवलो ते शोधाले. आता हिशेब चुकीचा नाही, सुरू केलेल्या कामाचा आहे. रोज पाच कामं सुरू कराची. पुरी नाही झाली तरी चालते. अर्ध्यात थांबलो तं डबी लगेच सांगत नाही, दोन मिनटं थांबते, मंग इतकंच म्हणते, "अब्बा, आगे क्या?" काय कराचं ते सांगत नाही. ते मले आठवा लागते. काम झालं की एक गोल बटण आहे, ते दाबाचं.

शनिवारी मी तीनदा चहा ठेवला. पयला आटला. दुसरा उतू गेला. तिसऱ्या बारीले डबी म्हणे, "आगे क्या?" अन् मी मोठ्यानं म्हटलं, "साखर!" साखर दोनदा पडली. पेलो. बटण दाबलं.

गुलाम

⁂

महागाव
१४ डिसेंबर २०२४

नब्या,

राग ठेव, पण पत्र लिवत जा. तुह्या रागाचं पत्र आधीच्या दोन पत्राईपेक्षा दहापट चांगलं होतं. विमल म्हणे, "आता हे नबीभाऊ बोलले."

अतुलले मी सांगतलं, दुकान द्याचं नाही, चूक माह्यी झाली. तो म्हणे, "काका, मी बी मागत नोहोतो, तुमीच दाखवून राह्यले होते." अन् उलट विचारते, चाचाले काही लागन का?

आता कामाची गोष्ट. तांड्यावरची रुपीबाई तुले आठवते का, दोन एकरवाली? तिच्या विहिरीतली तीन एचपीची मोटर जळाली. हरभरा उशिराचा, आता कुठं उगवून राह्यला. सध्या शेजारचा पाणी देऊन राह्यला. मी तिले साफ सांगतलं, नबीच्या डोक्याले मार आहे, वेळ लागन, जमन का नाही ते बी माहीत नाही. ती म्हणे, "शेजारी दोन महिने पाणी देतो म्हणते. तोवर करू दे. नाही जमलं तं अतुल आहेच."

म्हणून मोटर खोलून आतला भाग मारोतरावच्या जीपमधे पाठवून राह्यलो. तार, पट्ट्या, तुह्ये हत्यारं, सारं आहे. अतुलनं त्याचा मेगर, करंट गळते का ते पाहाचं मीटर, देल्ला. त्याचं म्हणणं, मेगरनं तपासून तो हो म्हणन तेव्हाच वीज द्याची, अन् वीज तो सोता जोडन. हे जुनेदले बी सांग, म्हणजे त्याचा जीव थाऱ्यावर राह्यन.

जानेवारीच्या शेवटी मी अन् विमल राजूरले जाणार. पोरीचे, अपेक्षाचे, दिवस फेब्रुवारीत भरतात, तिच्या सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, जावई खाणीत पाळीवर. दीड-दोन महिने तिकडंच राहू.

पुंडलिक

⁂

यवतमाळ
१९ जानेवारी २०२५

पुंडलिक,

तुले सगळं लिवतो, मधात थांबलो तं समजून घे.

मोटर आली त्या दिवशी मी तिले नुसता हात लावून बसलो. जळालेल्या तारेचा वास घरभर झाला. बिस्मिल्लानं खिडकी उघडली नाही.

जुनी तार काढाले दोन दिवस लागले. ते जमलं. मंग भरणं. चोवीस खाचा, एकेकीत बत्तीस वेढे. पयली खाच झाली. दुसरी झाली. तिसरीत खाली भाजीवाला ओरडला अन् मोजणं गेलं. अठरा का एकोणवीस? सारी तार ओढून काढली. पुन्हा. पुन्हा गेलं. चार दिवस मी त्या तिसऱ्या खाचेत होतो. एका दुपारी पक्कड भिंतीवर फेकली, पोपडा निघाला. त्या दिवशी मले वाटलं, जुनेदचंच खरं आहे.

गुरुवारी मॅडमले दाखवलं. ती जमिनीवर माह्याजवळ बसली. म्हणे, "हात चुकतात का?" मी म्हटलं, हात नाही चुकत, हाताले सारं माहीत आहे. फक्त आकडा सांडते. ती म्हणे, "मग आकडा डोक्यात कशाला ठेवता? दुसरीकडे ठेवू." मी म्हटलं, कागदावर ठेवाले हात मोकळे नाहीत. माह्यी नजर त्या गोल बटणावर गेली. मी म्हटलं, मॅडम, हात मोकळे नाहीत, पण पाय मोकळा आहे.

बटण जमिनीले चिकटवलं. एक वेढा, एकदा टाच दाबाची. जुनेदनं पुण्याहून त्यात बदल केला. अन् काय केलं त्यानं, एक ते चाळीस आकडे सोता बोलून भरले. मी टाच दाबतो, डबीतून तो म्हणते, "सात." पुन्हा दाबतो, "आठ." चौदा म्हणताना त्याले ठसका लागला तो तसाच राहून गेला. दर खाचेत चौदावर माह्यं पोरगं खोकते. भाजीवाला ओरडला तरी चालते आता. परत आलो की फक्त पुढची टाच दाबाची.

एकवीस दिवस लागले. आधी दोन दिवसात होत होतं. भरून झाली अन् मेगर लावला तं काटा पडला. कुठं तरी तारेचं वरचं कवच सोललं होतं. मी शिवी देल्ली. मंग बसलो अन् एकेक खाच तपासली. अकराव्या खाचेत होतं. ती अन् तिच्यासंगच्या पाच काढल्या, पुन्हा भरल्या. काल मेगर चांगला आला. तीनदा पाह्यला. मंग बिस्मिल्लाले वाचाले लावला. तिनं बी तेच सांगतलं.

या महिन्यात मॅडमच्या कागदावर इतके लाल टिंब आहेत, की गोवर आल्यासारखा दिसते. ती म्हणे, असा चांगला कागद तिनं पाह्यला नाही.

मी महागावले येतो. जुनेद सुट्टी घेऊन संग येणार आहे. तू नसशील, हे मले आवडलं नाही.

गुलाम

⁂

महागाव
९ फेब्रुवारी २०२५

पुंडलिक,

हे पत्र राजूरच्या पत्त्यावर टाकून राह्यलो. पोरगी का पोरगा, ते पयले कळव. अपेक्षाले दुआ सांग.

गुरुवारी आम्ही आलो, मी, बिस्मिल्ला अन् जुनेद. दुकान उघडलं. तू साफ ठेवलं होतं, उदबत्तीची राख कोपऱ्यात होती. मी स्टुलावर बसलो नाही लगेच. फळीसमोर उभा राहून हत्याराईची नावं घेतली एकेक. दोन नावं आली नाहीत. जुनेदनं सांगतली.

ठरलं ते असं. आठवड्यात तीन दिवस दुकान, अकरा ते तीन. फक्त भरणं. वीज जोडणं, विहिरीत सोडणं अतुलचं. डबी अन् टाचेचं बटण दुकानात लागलं. मॅडम महिन्यातून एकदा येईन, बाकी फोनवर. सहा महिन्यानं पुन्हा पाहू. जुनेद पयले म्हणे, दोन दिवस. मी म्हटलं, चार. तीनवर जमलं.

काल रुपीबाईच्या शेतात मोटर सोडली. सोडली अतुलनं, मी काठावर दगडावर बसून होतो, जुनेद माह्याजवळ. दोर सुटत गेला, पाइप खाली गेला. एकवीस दिवसाची तार पाण्यात चालली होती. अतुलनं स्टार्टरच्या पेटीपाशी जाऊन मले विचारलं, "चाचा, देऊ का?" तीस वर्ष हा सवाल मी लोकाईले विचारला. मी म्हटलं, दे.

पयले नुसती घरघर. मंग पाइप दोनदा उसळला, हवा निघाली, लाल पाणी आलं. जुनेदनं माह्या खांद्यावर हात ठेवला अन् काढलाच नाही. मंग पाणी निवळ झालं. अतुल पेटीजवळून काटा पाहून ओरडला, "अँपिअर एकदम बरोबर आहे!"

ती बाई पाण्यापाशी आली, हात धुतले, तोंडावर पाणी मारलं. मले म्हणे, "भाऊ, पाणी पहिल्यापेक्षा जोरात आहे." मले तिले काही म्हणाचं होतं, अन् तिचं नावच आठवेना. सकाळपासून आठवून राह्यलो होतो. दोन घंटे मी नुसतं "बाई, बाई" करून काम काढलं होतं. ऑक्टोबरातला मी असतो तं तसंच काढलं असतं, अन् घरी येऊन खुर्चीवर बसलो असतो.

मी म्हटलं, "बाई, एक सांगू का? मले तुमचं नाव आठवून नाही राह्यलं. डोक्याले मार लागला तेव्हापासून असं होते."

जुनेद माह्याकडे पाहाले लागला. ती हसली. पदरानं तोंड पुसलं, म्हणे, "रुपी. रुपीबाई. अन् भाऊ, मी बी केव्हापासून विचारीन म्हणतो, हे तुमचं पोरगं, याचं नाव काय सांगतलं होतं?"

मी म्हटलं, "जुनेद."

"हां, जुनेद," ती म्हणे. "माह्या डोक्याले तं मार बी नाही लागला."

सारे हसलो. अतुल तिकडून विचारते, काय झालं, काय झालं. मंग चपला हातात घेतल्या अन् मी, जुनेद अन् रुपीबाई, तिघंही हरभऱ्यात शिरलो, पाणी कुठवर पोचलं ते पाहाले.

गुलाम